कोकणात राहून प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतात करिअर होतं का? (उत्तर जरा लांबलंय)

मित्रा, वय २४ लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. बाकीच्यांसाठी याचा प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यातलं गाव, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, सीझनला मंडळांच्या साउंडवर ऑपरेटर म्हणून जातो, आणि रात्री लॅपटॉपवर ड्रोन (एकच सूर लांबवर धरून ठेवलेला), नॉइज (नुसती खरखर-गोंगाट), फील्ड रेकॉर्डिंग (बाहेर जाऊन टिपलेले आवाज) असले तुकडे बनवतो ज्यांना ना ताल ना चाल. बाबा ऐकतात आणि विचारतात, "हेका गाणा म्हणतत?" तर यात फुल-टाइम करिअर होईल का, त्यासाठी मुंबईला जायला लागेल का, आणि साठवलेल्या पैशात मॉड्युलर सिंथ (सुटे भाग वायरींनी जोडून आवाज बनवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) घ्यावा का.

मी हेच काम बरीच वर्षं करतोय, आधी मुंबईत आणि आता मालवणजवळ घरी राहून, त्यामुळे तुझ्या परिस्थितीची बऱ्यापैकी कल्पना आहे.

माझ्या मते तू विचारलेले हे तीन मुख्य प्रश्न मुळात एकच आहेत. जे ऐकायला लोक सहजासहजी पैसे देणार नाहीत ते आयुष्यभर करत राहायचं तर घर कशावर चालवायचं? याला सरळ हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही कारण ते घरच्या परिस्थितीवर फार अवलंबून आहे. आंब्याची कलमं आहेत का, डोक्यावर कर्ज आहे का, भावंडांचं शिक्षण राहिलंय का, लग्नाचा विषय घरात कधी निघणार, हे तू लिहिलं नाहीस आणि हे सगळं कुठल्याही सिंथपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो, नुसते प्रायोगिक तुकडे करून, बाकी काही न करता घर चालवणारा माणूस भारतात माझ्या ओळखीत एकही नाही. आणि तरी हे काम वर्षानुवर्षं नेटाने करणारे, चांगलं करणारे लोक ओळखीत भरपूर आहेत. मग ते जगतात कशावर, हा खरा प्रश्न.

जगतात ते कानावर. म्हणजे त्यांचं संगीत विकलं जात नाही, पण ते संगीत करता करता जो कान तयार होतो तो विकला जातो. दुसरी बाजू अशी की महिन्याचा खर्च जितका कमी तितके स्वतःच्या कामाला दिवस जास्त मिळतात, आणि इथे तू अंधेरीत पीजीत राहणाऱ्या कुणाहीपेक्षा पुढे आहेस, कारण तुला भाडं नाही. ही गोष्ट तुझ्या लक्षातच आलेली दिसत नाही, तू गावात राहणं हा अडथळा म्हणून लिहिलंयस.

थोडा इतिहास सांगतो, उगाच ज्ञान पाजळायला नाही, यात करिअर कशी झाली ते कळावं म्हणून. हे संगीत जन्मलंच मुळी पगारी नोकरीत. पॅरिसमध्ये १९४८ साली पिएर शेफर रेल्वेच्या आवाजांचे तुकडे जोडत होता तेव्हा तो फ्रेंच रेडिओचा इंजिनिअर होता. जर्मनीत कोलोनचा स्टुडिओ रेडिओचा, इंग्लंडमध्ये १९५८ साली निघालेला रेडिओफोनिक वर्कशॉप बीबीसीचा. म्हणजे टेप, ऑसिलेटर, वीज, छप्पर, सगळं संस्थेचं आणि वर महिन्याचा पगार. आपल्याकडे अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकन संगीतकार मूग सिंथेसायझर घेऊन आला, स्टुडिओ उभा राहिला, गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी त्यावर काम केलं, आणि पुढे तो स्टुडिओ थंडावल्यावर त्या टेप तिथल्या संग्रहात कित्येक दशकं पडून राहिल्या. २०२३ मध्ये त्या रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या. मी जेव्हा पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा खरं सांगतो, थोडा आनंद झाला आणि थोडं पोटात गोळा आला, कारण एवढं चांगलं काम आणि पन्नास वर्षं कुणाच्या कानावर नाही.

दुसरं उदाहरण मुंबईचं. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या गाण्यांत गिटार-बेस वाजवणारे वादक, लग्नसमारंभातही वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या ड्रम मशीनवर आणि बेस सिंथवर राग वाजवून एक रेकॉर्ड काढली, ती चालली नाही. २०१० ला ती परत निघाली आणि जगभर बोंबाबोंब झाली की हे तर अॅसिड हाउसच्या (ऐंशीच्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताच्या) आधीचं अॅसिड हाउस आहे, मग त्यांना म्हातारपणी युरोपात बोलावणी आली. मधली वर्षं घर कशावर चाललं? वादनाच्या धंद्यावर. आणि सुझान चिआनी बघ, अमेरिकेत ब्युकला सिंथवर काम करायची, स्वतःच्या संगीताला रेकॉर्ड कंपनी मिळेना म्हणून १९७४ मध्ये जाहिरातींच्या आवाजाची कंपनी काढली. कोकाकोलाच्या जाहिरातीत बाटली उघडून ग्लासात ओतल्याचा तो फसफसणारा आवाज तिचा, सिंथवर बनवलेला. त्या पैशावर स्वतःच्या रेकॉर्ड केल्या. मला या तिघांत चिआनीचा मार्ग सगळ्यात शहाणा वाटतो कारण तिची रोजीरोटी आणि तिचं संगीत एकाच यंत्रावर, एकाच कानावर चालायचं. दिवसा बँकेत आणि रात्री संगीत असंही करतात लोक, जमतं काहींना, मला नसतं जमलं.

आता तुझ्याकडे येऊ. तू विकू शकतोस असं तुझ्याकडे आत्ताच काय काय आहे ते तुला दिसत नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुझा डिप्लोमा आणि सोल्डरिंग आयर्न. सावंतवाडीपासून राजापूरपर्यंत किती भजनी मंडळांकडे, किती देवळांत, किती दशावतारी कंपन्यांकडे मिक्सर आणि अॅम्प्लिफायर आहेत आणि दर पावसाळ्यानंतर त्यातले किती खरखरायला लागतात हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहिती. रिपेरिंगला माणूस नाही, सगळं कोल्हापूरला जातं. हे काम हलकं समजू नकोस, कारण दुसऱ्याचा बिघडलेला मिक्सर उघडून बसणारा माणूस स्वतःचे सर्किट बनवायला आपोआप शिकतो आणि आपल्या क्षेत्रात निम्मी मजा तिथेच आहे.

दुसरं, रेकॉर्डिंग. डबलबारीचे (दोन बुवांच्या भजनांच्या जुगलबंदीचे) सामने आता सगळे यूट्यूबवर जातात आणि बहुतेकांचा आवाज भयंकर असतो, बुवांच्या माइकमध्ये झांजा घुसलेल्या, पखवाजाचं डावं अंग गायब, पेटी कुठेतरी विहिरीत. तू ऑपरेटर आहेस, मिक्सरवरून प्रत्येक माइक वेगळा रेकॉर्डरवर घेऊन घरी नीट मिक्स करून दिलंस तर एका मंडळाचं ऐकून दुसरं येतं, इथे जाहिरात अशीच होते. जुन्या कॅसेट डिजिटल करून देणं हे पण. लोकांच्या माळ्यावर आजोबांच्या भजनाच्या, नमनाच्या, लग्नातल्या ओव्यांच्या कॅसेट पडल्यात, बुरशी लागतेय. चांगला डेक मिळव, हेड साफ करायला शीक, अॅझिमथ (टेपशी हेडचा कोन) जुळवायला शीक, नाहीतर वरचे स्वर सगळे मेलेले येतात. पैसे बेताचेच मिळतात पण कान फार तयार होतो.

तिसरं नाटक. माझं सगळं शिक्षण मुळात तिथे झालं असं म्हटलं तरी चालेल. एकांकिका स्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धा, रत्नागिरी केंद्रावर दरवर्षी नाटकं होतात, आणि त्या संघांना पार्श्वसंगीत करणारा माणूस हवा असतो जो नेटवरून उचललेली बासरी लावणार नाही. दिग्दर्शक म्हणतो, "इथे काहीतरी अस्वस्थ वाटायला पाहिजे पण प्रेक्षकाला कळता कामा नये की संगीत वाजतंय." बस, ही तुझ्या ड्रोनची ऑर्डर आहे! मानधन कधी मिळतं कधी नुसतं जेवण मिळतं, पण तीनशे माणसं गप्प बसून तुझा आवाज ऐकतात आणि तुला पाठीमागून त्यांची मान, खांदे दिसतात, कुठे सावरून बसले, कुठे चुळबुळ झाली. इंटरनेटवर टाकलेल्या ट्रॅकला हे कधी मिळणार नाही.

आणि मग बाहेरची कामं. डॉक्युमेंटरीवाले कोकणात सारखे येत असतात, मच्छीमारी, कातळशिल्पं, दशावतार, आंबा, आणि त्यांना लोकेशन साउंडला स्थानिक माणूस मिळाला तर त्यांचा मुंबईहून माणूस आणण्याचा खर्च वाचतो. त्यांच्याशी आधी ओळख साउंडवाला म्हणून होते, मग एखादा म्हणतो अरे संगीत पण तूच कर. माझी संगीताची निम्मी तरी कामं अशी मागच्या दाराने आलीत.

स्ट्रीमिंगवर विसंबू नकोस. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा आहे की एखाद्या ट्रॅकला बारा महिन्यांत किमान १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्याचे पैसेच धरत नाहीत, आणि आपल्या संगीताला हजार म्हणजे डोंगर. बँडकॅम्प ही संगीत थेट विकायची वेबसाइट बरी, डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात (पेमेंटवाल्यांचं कमिशन वेगळं) आणि बाकीचे आपल्याला, आणि मुख्य म्हणजे विकत घेणारा माणूस कोण ते कळतं. माझे तिथले गिऱ्हाईक कोण तर कुठलातरी फिनलंडचा, एक जपानचा, आणि एक कुडाळचा! कुडाळचा कोण ते अजून कळलं नाही.

आता सिंथ. घेऊ नकोस. निदान आत्ता नको. मॉड्युलर हा प्रकार असा आहे की एक मॉड्यूल घेतलं की दुसरं लागतं, इम्पोर्ट ड्युटी वेगळी, आणि शेवटी माणूस पॅच (वायरी जोडून आवाज बनवणं) कमी आणि खरेदी जास्त करतो, मी बघितलेत असे. तुला मॉड्युलर शिकायचंच असेल तर व्हीसीव्ही रॅक लॅपटॉपवर फुकट आहे, प्युअर डेटा फुकट आहे, सुपरकोलायडर फुकट आहे, यातली शेवटची दोन सॉफ्टवेअर १९९० च्या दशकातली असून आजही जगभरचे कंपोझर वापरतात. एलियान रादिग नावाची फ्रेंच बाई, तिने एका एआरपी २५०० सिंथवर जवळजवळ तीस वर्षं काम केलं आणि त्याचा कीबोर्डसुद्धा घेतला नाही, मुद्दाम, सूर दाबून वाजवायचा मोह नको म्हणून. घरात बसून, टेपवर, अत्यंत सावकाश बदलणारे तास-तासाचे तुकडे. म्हणजे कमी सामान ही गरिबी नसून पद्धत असू शकते.

पैसे खर्च करायचेच तर एक बरा हँडी रेकॉर्डर, बंद कपाचे हेडफोन, आणि एक चांगला यूपीएस. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी येते-जाते ते तुला सांगायला नको, गडगडायला लागलं की सगळ्या पिना काढायच्या, फोन चार्जरसकट. खाऱ्या हवेने जॅक आणि पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं) गंजतात. कंडेन्सर माइक दमट हवेत तडतडायला लागतात, म्हणून माइक नेहमी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचे, आणि जेलचा रंग बदलला की गरम करून ती सुकवायची.

कान कसा तयार करायचा याबद्दल एक उदाहरण देतो, हे जरा खोलात आहे पण तू इलेक्ट्रॉनिक्सवाला आहेस तर मजा येईल. आमच्याकडे जेटीजवळ बर्फाची फॅक्टरी आहे. पिझो डिस्क, ती घड्याळात-खेळण्यात असते ती पितळी चकती, वीस-तीस रुपयांत मिळते. त्याला शिल्डेड वायर सोल्डर करून वर एपॉक्सी लावली की झाला कॉन्टॅक्ट माइक. एक पथ्य, पिझो सरळ मिक्सरच्या माइक इनपुटला लावलास तर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, कारण त्याला फार मोठा इनपुट इम्पिडन्स लागतो, एक मेगाओहम तरी. मध्ये एका जेफेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर टाक, मग बघ खालचा खर्ज कसा उघडतो. तर तो माइक फॅक्टरीच्या पाइपला क्लॅम्प केला, मालकाला विचारून. आत दोन कॉम्प्रेसर, दोन मोटरी, त्यांच्यावरच्या पाट्या बघितल्या तर दोन्ही चार पोलच्या, आपल्या ५० हर्ट्झवर हिशोबाने १५०० आरपीएम पण लोड आला की १४४० च्या आसपास फिरतात, म्हणजे सेकंदाला चोवीस फेरे. पण दोघींवरचा लोड सारखा नसतो, त्यामुळे एक किंचित मागे राहते आणि त्या फरकाने आवाज सावकाश फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो. नवीन पाणी भरलं की फुगण्याचा वेग बदलतो. कुठलाही लूप नाही, कुठलाही एलएफओ (आवाज सावकाश वर-खाली करणारं सर्किट) नाही, बर्फ होतोय तसतसं संगीत बदलतंय. मी त्यावर एक लांब तुकडा केला त्यात मी फिल्टरशिवाय काहीही लावलं नाही, सगळी रचना म्हणजे कुठल्या वेळचं रेकॉर्डिंग किती वेळ ठेवायचं एवढाच निर्णय.

तोच माइक नीट सील केला असेल तर जेटीच्या खांबाशी पाण्यात सोड. वरून समुद्र शांत दिसतो आणि खाली सतत मोहरी तडतडावी तसा आवाज, तो बारीक पिस्टल कोळंबीचा, एक नांगी झटकन मिटून पाण्यात बुडबुडा फोडते त्याचा. पहिल्यांदा मला वायर शॉर्ट झाली वाटलेली.

आणि हो, हम, म्हणजे विजेची ती सततची घूं घूं. तू लिहिलंयस की तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ग्राउंडचा हम येतो तो कसा घालवू. अर्थिंग तपास, लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघ, बॅलन्स्ड केबल वापर, जाईल. पण घालवायच्या आधी एकदा पेटी घेऊन बस आणि तो कुठे लागतो बघ. ५० हर्ट्झ आणि त्याचं दुप्पट १०० हर्ट्झ, पेटीवर पांढरी पाचच्या जरासा वर येतो, पाव सुराहून थोडा कमीच, म्हणजे फ्रीज, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक मिळून अख्खा गाव रात्रंदिवस चढ्या पांढरी पाचमध्ये षड्ज धरून बसलेला असतो आणि लाइट गेली की तो षड्ज सुटतो. एकदा हे कानाला कळलं की तुला विषय शोधायला कुठे जायला लागत नाही.

इथे एक सावधगिरीचा इशारा, आणि हे माझं अगदी वैयक्तिक मत आहे, पटलं नाही तर सोडून दे. बाहेरच्या लोकांना 'कोकणचे आवाज' फार आवडतात. लाटा, पाऊस, शिमग्याचे ढोल, देवळातलं गाऱ्हाणं, त्याच्याखाली एक ड्रोन, झाला ट्रॅक तयार आणि बर्लिनवाले खूश. असं करायला लागलास की तू कंपोझर राहत नाहीस, पर्यटन खात्याचा माणूस होतोस. लाटेचा आवाज वापरू नको असं नाही, पण तो का वापरतोयस याचं कारण आवाजातच असलं पाहिजे. आणि गाऱ्हाणं, नमन, दशावताराचं गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर ज्याचा आवाज आहे त्याला आधी सांग की मी याचं काय करणार आहे, झाल्यावर ऐकव, नाव घाल, पैसे आले तर त्यातला वाटा दे. गावाच्या देवाचं गाऱ्हाणं असेल तर गावकाराला विचारल्याशिवाय तर अजिबात नको. एक माणूस नाराज झाला तर उद्या तुझ्यासाठी दहा घरांचे दरवाजे बंद होतात, आणि ते बंद व्हायलाच पाहिजेत.

मुंबई. जा, पण राहायला जाऊ नकोस, शिकायला जा. दोन-तीन वर्षं एखाद्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत असिस्टंट म्हणून काढलीस तर तीन गोष्टी मिळतात ज्या गावात मिळणं कठीण. नीट ट्रीट केलेल्या (भिंतींवरून आवाज घुमू नये अशी तयार केलेल्या) खोलीत आवाज कसा ऐकू येतो हे एकदा कळलं की घरच्या खोलीचं खोटं पकडता येतं. डेडलाइन म्हणजे काय ते कळतं. आणि माणसं मिळतात, जी पुढे वीस वर्षं कामं देतात. आत्ता जमत नसेल तर एफटीआयआय या पुण्याच्या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेचा साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा कोर्स आहे, प्रवेश परीक्षा असते, तिकडेही बघ. पण मुंबईत तिथलं भाडं भरायला रात्रंदिवस सीरियलचे डायलॉग साफ करत बसलास आणि वर्ष-वर्ष स्वतःचा एक तुकडा झाला नाही असं दिसायला लागलं, तर समज की मुंबईकडून घ्यायचं ते घेऊन झालं, तुतारी एक्सप्रेस पकड आणि परत ये. मी असाच आलो. आता कामापुरता कोकणकन्येने रात्री निघतो, सकाळी मुंबई, मीटिंग आणि मिक्स करून परत. फायली पाठवायचा मात्र वैताग आहे, आमच्याकडे रेंज इतकी थोर आहे की मोठ्या वेव्ह (ऑडिओच्या) फायली पाठवायला सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) जाऊन बसावं लागतं.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: कानाचं काम करून पैसे, खर्च कमी ठेवून वेळ, सिंथ नको, मुंबई मुदतीची. आता कागदपत्रं, हा भाग कंटाळवाणा आहे पण वाच.

डेलिया डर्बिशर बीबीसीच्या त्याच वर्कशॉपमध्ये होती. १९६३ मध्ये एका टीव्ही मालिकेची, डॉक्टर हूची, शीर्षक धून तिने टेपचे तुकडे कापून-जोडून बनवली. चाल रॉन ग्रेनरची. त्याने स्वतः म्हटलं की हिला रॉयल्टीतला अर्धा वाटा द्या, पण संस्थेच्या नियमात बसेना, मिळाला नाही. आपण करतो त्या कामात हा धोका कायम असतो, कारण आवाज बनवणं म्हणजे रचना की तांत्रिक काम, हे ठरवणारा समोरचा असतो. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी ईमेलवर का होईना लिहून घे की तू संगीतकार आहेस, क्रेडिट काय असेल, किती दुरुस्त्या फुकट, पैसे कधी. माझ्याकडे एकदा एका जाहिरात कंपनीचा कागद आलेला त्यात हक्क 'संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी' असं लिहिलेलं, म्हणजे मंगळावर वाजलं तरी मला पैसे नाहीत! खोडायला लावलं, कटकट केली पण खोडलं त्यांनी. आपला कॉपीराइट कायदा याबाबतीत बरा आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही, थिएटरात सिनेमा दाखवण्यापुरता अपवाद आहे. आणि कॉपीराइट तुझ्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. आयपीआरएस या संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा सभासद हो, तुकडे नोंदव. आपल्यासारख्यांना त्यातून मोठं काही येतं असं नाही, पण एखादा तुकडा टीव्हीवर वाजला आणि नोंदच नसेल तर तेही येणार नाही. प्रोफेशनल फी वर बहुतेकवेळा १० टक्के टीडीएस कापलेला असतो, रिटर्न भरलंस तर हिशोबाप्रमाणे परत मिळतो, बरेच कलाकार तो तसाच सोडून देतात.

ग्रँटबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगतो. बंगलोरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलाकारांना प्रकल्पासाठी अनुदान देते आणि अर्ज मराठीतही करता येतो, त्यामुळे इंग्रजी कच्चं आहे हे कारण चालणार नाही. मॅक्स म्युलर भवन (जर्मन सांस्कृतिक केंद्र), प्रो हेल्वेशिया (स्वित्झर्लंडची कलासंस्था) यांच्याकडून रेसिडेन्सी, म्हणजे काही काळ राहून काम करायची संधी, निघत असतात. आणि पणजी तर तुझ्यापासून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, तिथे २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल होतो, आधी नुसता बघायला जा, कोण काय करतंय बघ, साउंड इन्स्टॉलेशनवाल्यांना केबल ओढायला माणूस लागतो, तू ते काम डोळे मिटून करशील आणि ओळखी होतील. अर्ज करताना 'मी सीमा ओलांडू इच्छितो' वगैरे लिहू नकोस, सगळे तेच लिहितात. बर्फाच्या फॅक्टरीत दोन मोटरी आहेत आणि मला त्यांच्यातल्या फरकावर काम करायचंय, असं लिही. एंट्री फी मागणाऱ्या स्पर्धांना मात्र पैसे देऊ नकोस, फुकट कॉल भरपूर असतात.

बाबांबद्दल. त्यांना पटवत बसू नकोस. माझ्या घरीही "पंखो बिघडलो काय?" असं विचारून झालंय. पण त्यांना एकदा नाटकाला घेऊन जा ज्यात तुझं पार्श्वसंगीत आहे, आणि तुझ्या खात्यात मंडळाच्या रेकॉर्डिंगचे पैसे आलेले दिसू देत. ड्रोन त्यांना आवडलाच पाहिजे असं काही नाही, अनेक कंपोझरांच्या घरी तो अजून आवडलेला नाही आणि त्यांचं नीट चाललंय.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, स्टेज नेम मराठी ठेवू की इंग्रजी. स्वतःचं नाव ठेव. इंग्रजीत त्याचं एकच स्पेलिंग ठरव आणि पॅन कार्डावर, बँकेत, आयपीआरएसला, बँडकॅम्पवर सगळीकडे तेच लिही, कारण एका अक्षराच्या फरकाने पेमेंट अडकतं आणि मग ते सोडवायला तुला काम टाकून देवगडला बँकेत खेपा माराव्या लागतात.